लिनक्स आणि विंडोज संगणकांमधील सामायिक फोल्डरच्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील लहान कार्यालयांत एक मांडणी आता सर्रास दिसते. हिशेबाचे आणि छपाईचे संगणक विंडोजवर चालतात आणि विंडोज ११ न पेलणाऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तो सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवण्यासाठी, म्हणजे सर्व्हर म्हणून, वापरला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून असे संगणक वाढले आहेत. आंबा बागायतदारांच्या पॅकिंग शेडला लागून असलेली कार्यालये, गावोगावची वाचनालये, पतसंस्था, होमस्टे अशा ठिकाणी ही मांडणी उभी करताना आणि सांभाळताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आज्ञांची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टंकताना ती रोमन अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : सांबा म्हणजे नेमके काय?

विंडोज संगणक आपापसांत फायली देवघेव करताना एसएमबी नावाचा नियमसंच वापरतात. तोच नियमसंच लिनक्सवर उपलब्ध करून देणारी मुक्त प्रणाली म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस या कामाला सुरुवात केली. पुढे नाव बदलण्याची वेळ आली तेव्हा एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हे नाव निवडले. लिनक्सवर ‘एसएमबीडी’ ही सेवा फायली पुरवते, ‘एनएमबीडी’ ही जुन्या पद्धतीची नावे सांभाळते आणि दोन्हींची मांडणी ‘एसएमबी.कॉन्फ’ या एकाच फाइलमध्ये लिहिलेली असते. सेवेचे नाव डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर (तयार संचांवर) ‘एसएमबीडी’ आणि फेडोरावर नुसते ‘एसएमबी’ असते. एका वितरणासाठी लिहिलेल्या सूचना दुसऱ्यावर वापरताना पहिली ठेच येथेच लागते.

प्रश्न : सामायिक फोल्डर उघडत नाही. शोध कोठून सुरू करावा?

तळापासून वर जावे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नये. बहुतेक जण थेट ‘एसएमबी.कॉन्फ’ उघडून त्यात ओळी वाढवू लागतात आणि मूळ दोष केबलचा असला, तर तो सापडेपर्यंत चांगली चालणारी मांडणीही बिघडवून बसतात.

सर्वप्रथम दोन्ही संगणक एकाच राउटरच्या एकाच जाळ्यात आहेत याची खात्री करावी, कारण पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर जोडलेला लॅपटॉप कार्यालयातील सर्व्हरपर्यंत सहसा पोहोचूच शकत नाही. होमस्टेमध्ये हे वारंवार घडते. त्यानंतर सर्व्हरचा आयपी पत्ता (जाळ्यातील त्याचा क्रमांक) घेऊन त्यावर ‘पिंग’ करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा चालवावी. उत्तर आले तर उत्तम. मात्र विंडोजची फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा, अनेकदा पिंगला उत्तर देत नाही, त्यामुळे विंडोज संगणकाकडून उत्तर न येणे हा जोडणी तुटल्याचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा ४४५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टची, म्हणजे एसएमबीची ये-जा ज्यातून होते त्या दाराची असते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचा पत्ता आणि ४४५ हा पोर्ट देऊन चालवली की तो पोर्ट उघडा आहे की नाही, हे स्पष्ट कळते. पोर्ट बंद असेल तर सर्व्हरवरील सेवा थांबलेली आहे किंवा फायरवॉल आड येत आहे आणि तोवर पासवर्ड व परवानग्या तपासण्यात काही अर्थ नाही.

पोर्ट उघडा असेल तर लिनक्स सर्व्हरवरच ‘टेस्टपार्म’ चालवावे. मांडणीच्या फाइलमधील चुकलेली ओळ ते दाखवते. मग त्याच सर्व्हरवरून ‘एसएमबीक्लायंट’ने स्वतःचेच सामायिक फोल्डर उघडून पाहावे. सर्व्हरला स्वतःवरून उघडता येते आणि शेजारच्या संगणकाला येत नाही, असे दिसले तर दोष वाटेत किंवा त्या संगणकात आहे. सर्व्हरलाही उघडता येत नसेल तर वाटेचा विचार सोडून वापरकर्ता आणि परवानगी यांकडे वळावे. या एका निरीक्षणाने शोधाचे निम्मे क्षेत्र बाद होते.

प्रश्न : विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत लिनक्स संगणक दिसतच नाही. तो बंद पडला आहे का?

बहुधा नाही. दिसणे आणि उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या दोहोंची गल्लत हे सर्वांत जास्त वेळ वाया जाण्याचे कारण आहे. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे सर्व्हरचा आयपी पत्ता थेट टंकून पाहावा. फोल्डर उघडले, तर सर्व्हर ठणठणीत आहे.

पूर्वी जाळ्यातील संगणकांची यादी नेटबायॉस ही संगणकांना नावाने ओळखण्याची जुनी पद्धत आणि एसएमबीची पहिली आवृत्ती यांच्या आधारे तयार होत असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ दिले जात नाही आणि त्याबरोबर ती जुनी यादीही गेली. आताचे विंडोज संगणक एकमेकांना शोधण्यासाठी वेब सर्व्हिसेस डिस्कव्हरी नावाची दुसरी पद्धत वापरतात आणि सांबा स्वतःहून त्या पद्धतीने आपली ओळख सांगत नाही. त्यासाठी लिनक्सवर ‘डब्ल्यूएसडीडी’ ही छोटी सेवा बसवावी आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ हे पोर्ट उघडावेत. थोड्या वेळात सर्व्हर खिडकीत दिसू लागतो. यादीत दिसण्यासाठी म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये. कारण पुढे दिले आहे.

विंडोज संगणक दुसऱ्या विंडोजलाही दिसत नसेल, तर त्याच्या जाळ्याचा प्रकार ‘सार्वजनिक’ असा नोंदला गेला आहे का, हे पाहावे. तो ‘खाजगी’ केल्यावरच फायरवॉल आत येणारी जोडणी स्वीकारते. राउटर बदलला की विंडोज ते जाळे नवे समजते आणि हा प्रकार पुन्हा ‘सार्वजनिक’ होऊ शकतो.

प्रश्न : काल सर्व सुरळीत होते. रात्री वीज गेली आणि सकाळपासून जोडलेले ड्राइव्ह उघडत नाहीत. हे दर पावसाळ्यात का होते?

कोकणात मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की ही तक्रार सुरू होते आणि ती सप्टेंबरपर्यंत राहते. कारण साधे आहे. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाल्यावर तो संगणकांना पत्ते वाटतो आणि काल १९२.१६८.१.५ हा पत्ता असलेल्या सर्व्हरला आज वेगळा पत्ता मिळू शकतो; विंडोजमधील जोडलेले ड्राइव्ह मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतात. राउटरच्या मांडणीत सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि आमच्या अनुभवात पावसाळ्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानेच थांबतात. राउटर जळून नवा आणला तर ही नोंद पुन्हा करावी लागते, म्हणून ती कागदावर लिहून राउटरजवळच चिकटवावी.

आयपीऐवजी नावाने जोडायचे असेल तर लिनक्सवर ‘अवाही’ सेवा चालू ठेवावी. मग नावापुढे ‘.लोकल’ जोडून विंडोज १० व ११ वरून सर्व्हर सापडतो. सर्व्हरचे नाव १५ अक्षरांपेक्षा लांब ठेवू नये, कारण नेटबायॉसमध्ये त्याहून लांब नाव बसत नाही.

वीज आल्यावर संगणक कोणत्या क्रमाने चालू होतात, यालाही महत्त्व आहे. सर्व्हर राउटरच्या आधी उठला तर त्याला पत्ता उशिरा मिळतो. सामायिक फायली बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असतील तर ती जोडली जाण्यापूर्वीच सांबा सुरू होते आणि वापरकर्त्याला रिकामे फोल्डर दिसते. सर्व फायली पुसल्या गेल्या, अशी घबराट उडते. अशा वेळी त्या रिकाम्या फोल्डरमध्ये काहीही नवे लिहू नये. आधी डिस्क जोडली गेली आहे का, ते पाहावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाय ४ आणि त्याआधीच्या पायवर वेळ टिकवणारी बॅटरी नसते, त्यामुळे इंटरनेट येईपर्यंत त्याचे घड्याळ मागे राहते आणि तोवर साठवलेल्या फायलींवर चुकीची तारीख पडते. जुन्या संगणकातील नाण्याच्या आकाराचा सेल संपल्यावरही हेच घडते.

राउटर, स्विच आणि सर्व्हर हे तिन्ही यूपीएसवर असावेत. केवळ सर्व्हर यूपीएसवर ठेवून राउटर साध्या पिनवर ठेवल्याने वर सांगितलेली पत्त्याची अडचण सुटत नाही.

प्रश्न : त्रुटींच्या क्रमांकांचा अर्थ कसा लावावा?

विंडोजवर ५३ क्रमांकाची त्रुटी म्हणजे त्या पत्त्यावर कोणी भेटले नाही. ०एक्स८००७००३५ असा लांबलचक आकडा दिसतो तोही हाच आहे, कारण शेवटचे ३५ हे षोडशमान पद्धतीतील ५३ आहेत. त्रुटी ६७ आली तर सर्व्हर भेटला, पण त्या नावाचा शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, भेटला नाही. नावातले स्पेलिंग तपासावे. त्रुटी १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा आणि त्रुटी ५ म्हणजे ओळख पटली, परंतु परवानगी नाही. त्रुटी १२१९ वेगळी आहे. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन निरनिराळ्या वापरकर्त्यांच्या नावाने जोडण्यास विंडोज नकार देते. ‘नेट यूज’ या आज्ञेने आधीच्या जोडण्या पाहून त्या तोडल्या की ती जाते.

लिनक्सवरून विंडोजचा शेअर जोडताना १३ म्हणजे परवानगी नाकारली, ११५ म्हणजे बहुधा वाटेत फायरवॉल आहे आणि ११२ हा सर्वांत फसवा आकडा आहे. त्यापुढे समोरचा संगणक बंद आहे, असा इंग्रजी मजकूर येतो, पण तो संगणक चालू असतो. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे एसएमबीच्या आवृत्तीवर एकमत झालेले नसते. २०१७ मधील ४.१३ या कर्नेलपासून (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्तीपासून) लिनक्स आपणहून एसएमबी १ वापरत नाही, त्यामुळे फार जुन्या विंडोजला किंवा जुन्या साठवण-पेटीला जोडताना हा आकडा दिसतो. नेमके कारण ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या शेवटच्या काही ओळींत मिळते.

प्रश्न : पासवर्ड बरोबर आहे, तरीही तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. असे का?

सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. लिनक्सवर वापरकर्ता तयार केला म्हणजे तो सांबालाही माहीत झाला, असे होत नाही. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ या आज्ञेपुढे वापरकर्त्याचे नाव देऊन सांबासाठी पासवर्ड स्वतंत्रपणे द्यावा लागतो. कोण कोण नोंदलेले आहे, हे ‘पीडीबीएडिट’ कॅपिटल एल या पर्यायासह चालवल्यावर दिसते. लिनक्सचा पासवर्ड नंतर बदलला तरी सांबाचा जुनाच राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोजने पूर्वी साठवलेला चुकीचा पासवर्ड हे दुसरे कारण. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या सर्व्हरची नोंद काढून टाकावी आणि नव्याने जोडावे.

उलट दिशेने, म्हणजे लिनक्सवरून विंडोजचा शेअर उघडताना, विंडोज सुरू करण्याचा चार-सहा आकडी पिन चालत नाही. तो पिन त्या एका संगणकापुरताच असतो. जाळ्यावरून खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा लागतो. विंडोजच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर जाळ्यावरून प्रवेश मुळातच नाकारला जातो. अशा कार्यालयांत विंडोजवर केवळ शेअरसाठी एक साधे स्थानिक खाते पासवर्डसह तयार करावे, हा आमचा सल्ला आहे.

प्रश्न : आमचा शेअर पासवर्डशिवाय सर्वांना खुला होता. विंडोज ११ अद्ययावत झाल्यावर तो उघडेनासा झाला. जुनी सोय परत आणता येईल का?

आणता येते, पण आणू नये. पाहुणा म्हणून, म्हणजे ओळख न सांगता, जोडणी करण्याची सोय विंडोज १० च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत २०१७ पासूनच बंद आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत ती प्रो वापरणाऱ्यांसाठीही बंद झाली. त्याच आवृत्तीने प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असण्याची अट घातली आणि पाहुण्याच्या जोडणीला अशी सही करताच येत नाही, कारण सहीसाठी लागणारी किल्ली पासवर्डातून तयार होते. ग्रुप पॉलिसीमध्ये या दोन्ही अटी शिथिल करता येतात; मात्र तसे केल्यास तो संगणक जाळ्यातील कोणत्याही खोट्या सर्व्हरवर विश्वास ठेवू लागतो.

सांबावर ‘कार्यालय’ अशा अर्थाचे एकच सामायिक खाते तयार करून त्याचा पासवर्ड प्रत्येक विंडोजवर एकदाच साठवला तरी रोजच्या वापरात काही फरक जाणवत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते दिले तर आणखी चांगले; कोणती फाइल कोणी बदलली, हे पुढे कळू शकते.

प्रश्न : जुना स्कॅनर फक्त एसएमबी १ वर फायली पाठवतो. त्याच्यापुरते ते चालू ठेवावे का?

मुख्य सर्व्हरवर अजिबात नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबी १ मधील दोषाचाच उपयोग केला होता. तो दोष दुरुस्त करणारा विंडोजचा बदल त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आला होता, परंतु असंख्य संगणकांवर तो बसवलेलाच नव्हता. सांबानेही ४.११ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी १ आपणहून बंद ठेवले आहे. स्कॅनरमध्ये एफटीपीने किंवा ईमेलने पाठवण्याची सोय आहे का, ते आधी पाहावे. बहुतेक कार्यालयीन यंत्रांत ती असते. काहीच नसेल तर पेनड्राइव्ह वापरावा. गैरसोय आहे, हे मान्य. परंतु एका स्कॅनरसाठी वर्षांचे हिशेब धोक्यात घालणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न : फोल्डर उघडते, फायली वाचता येतात, पण नवी फाइल साठवता येत नाही. परवानग्या तर दिल्या आहेत.

येथे दोन दारे आहेत आणि दोन्ही उघडी असावी लागतात. पहिले दार सांबाचे. ‘एसएमबी.कॉन्फ’मध्ये त्या शेअरखाली ‘रीड ओन्ली’ हा पर्याय ‘नो’ असायला हवा, कारण काहीच लिहिले नाही तर तो ‘येस’ धरला जातो. दुसरे दार लिनक्सच्या फाइलप्रणालीचे. सांबा हो म्हणाली तरी त्या फोल्डरवर वापरकर्त्याला लिहिण्याचा हक्क नसेल तर लिनक्स नाही म्हणते, आणि शेवटचा शब्द तिचा असतो.

अशा वेळी बरेच जण फोल्डरवर ७७७ ही (सर्वांना सर्व हक्क देणारी) परवानगी लावून मोकळे होतात. त्या दिवसापुरती अडचण मिटते. पण दुसऱ्या दिवशी एकाने तयार केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, कारण ७७७ फक्त त्या फोल्डरवर लागलेले असते आणि आत नव्याने तयार होणाऱ्या फायली त्या त्या वापरकर्त्याच्याच मालकीच्या होतात. एका आंबा बागायतदाराच्या कार्यालयात ऐन एप्रिलमध्ये, रोज शेकडो पेट्यांच्या पावत्या निघत असताना, हे घडलेले आम्ही पाहिले आहे. सकाळी एका मुलीने उघडलेली पावतीवही दुपारच्या पाळीतील मुलाला फक्त वाचता येत होती, म्हणून तो तिची नक्कल करून दुसऱ्या नावाने साठवत होता. आठवड्याने हिशेब जुळवायला बसल्यावर एकाच दिवसाच्या चार पावतीवह्या निघाल्या.

योग्य मार्ग असा. त्या फोल्डरवर काम करणाऱ्या सर्वांचा लिनक्सवर एक गट तयार करावा, फोल्डरची गटमालकी त्या गटाला द्यावी आणि फोल्डरवर २७७५ ही परवानगी लावावी. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. मग सांबाच्या मांडणीत ‘क्रिएट मास्क’ ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७५ ठेवावा, म्हणजे नव्या फायली गटातील सर्वांना बदलता येतात. आधीपासून तयार असलेल्या फायलींची गटमालकी आणि परवानगी मात्र एकदा हाताने बदलावी लागते.

एवढे करूनही नकार येत असेल तर वरच्या फोल्डरकडे पाहावे. आतल्या फोल्डरपर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याचा हक्क लागतो. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून वापरकर्त्याचे होम फोल्डर इतरांना बंद असते, त्यामुळे त्याच्या आत ठेवलेला शेअर दुसऱ्या वापरकर्त्याला उघडता येत नाही. यूएसबी डिस्क लावताच ती ज्या ‘मीडिया’ फोल्डरखाली आपोआप जोडली जाते, तेही लॉगिन केलेल्या एकाच व्यक्तीसाठी असते. शेअर ‘एसआरव्ही’ या फोल्डरखाली ठेवावा आणि डिस्कही तेथेच कायमची जोडावी. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची असेल तर त्यावर परवानगी बदलण्याची आज्ञा सहसा परिणाम करत नाही. मालक आणि गट डिस्क जोडतानाच ठरवावे लागतात. फेडोरा व तत्सम वितरणांवर याखेरीज एसईलिनक्स या जादा सुरक्षायंत्रणेचे तिसरे दार असते. तेथे फोल्डरवर ‘सांबा_शेअर_टी’ ही खूण लावावी. एसईलिनक्सच बंद करून टाकण्याची गरज नसते.

प्रश्न : मराठी नावांच्या फायलींना काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि याविषयी फार कमी लिहिले जाते. देवनागरी नावे आजच्या लिनक्स आणि विंडोजमध्ये निर्वेधपणे चालतात. अडचणी कडेला येतात.

पहिली अडचण लांबीची. विंडोजमध्ये नावाची मर्यादा सुमारे २५५ अक्षरांची असते, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत ती २५५ बाइटची असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक वर्णाला तीन लागतात आणि वर्ण मोजताना मात्रा, अनुस्वार व हलन्त हे सर्व वेगळे मोजले जातात. ‘क्ष’ हे दिसायला एक अक्षर असले तरी त्यात तीन वर्ण, म्हणजे नऊ बाइट असतात. त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर मराठी नाव साधारण ८५ वर्णांपलीकडे जाऊ शकत नाही. इतिवृत्ताचा पूर्ण विषय फाइलच्या नावात लिहिण्याची सवय असलेल्या कार्यालयांत विंडोजवर तयार झालेली फाइल सर्व्हरवर जाताना नाकारली जाते ती यामुळे. नाव आखूड करणे हाच उपाय आहे.

दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. ‘किनाऱ्यावरील’, ‘कोऱ्या पावत्या’ अशा शब्दांतला अर्धा र कळफलकानुसार निरनिराळ्या वर्णांनी तयार होतो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे आहेत. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या किंवा शोधूनही फाइल सापडली नाही, तर आधी ही शंका घ्यावी. कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरावा, हे उत्तम. ते शक्य नसेल तर फाइलच्या नावात असे शब्द टाळावेत.

तिसरी अडचण विरामचिन्हांची. लिनक्सवर ‘सभा १०:३०’ असे नाव चालते, परंतु विंडोजमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनी कंस आणि तिरप्या रेघा नावात चालत नाहीत. सांबा अशा फाइलला विंडोजपुढे लहरचिन्ह असलेले एक आखूड, निरर्थक नाव देते. नाव बदलले की फाइल नीट दिसते. आतील मजकूर कधीच बिघडलेला नसतो.

प्रश्न : लिनक्स संगणकावर विंडोजचा शेअर कायमचा जोडला आहे, पण विंडोज बंद असले की लिनक्स सुरू होताना अडकून बसते.

‘एफएसटॅब’ फाइलमधील (सुरू होताना काय काय जोडायचे त्याच्या यादीतील) त्या ओळीत ‘नोफेल’, ‘_नेटडेव्ह’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हे पर्याय लिहावेत. शेवटच्या पर्यायामुळे फोल्डर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जोडणीच केली जात नाही. पासवर्ड त्या ओळीत न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि तिला ६०० ही (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी) परवानगी द्यावी. ‘यूआयडी’ व ‘जीआयडी’ (मालकाचा व गटाचा क्रमांक) न दिल्यास सर्व फायली रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, मालकीच्या दिसतात आणि साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही.

प्रश्न : फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे असा संदेश येतो, पण कार्यालयात दुसरे कोणीच नाही.

फाइल उघडी असताना वीज गेली, तर कुलूप मागे राहते. लिबरऑफिस त्याच फोल्डरमध्ये टिंब आणि लहरचिन्हाने सुरू होणारी ‘लॉक’ नावाची एक लपलेली फाइल ठेवते; एक्सेलच्या अशा फाइलच्या नावाची सुरुवात लहरचिन्ह आणि डॉलरने होते. खरोखर कोणी काम करत नसल्याची खात्री करून ती पुसावी. ती नसेल तर सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ चालवावे. कोणत्या संगणकाने कोणती फाइल धरून ठेवली आहे, हे त्यात दिसते आणि अचानक बंद पडलेल्या संगणकाची उरलेली प्रक्रिया तेवढीच थांबवता येते. सारी सांबा सेवा पुन्हा सुरू करू नये, कारण त्याने इतरांच्या उघड्या फायली तुटतात.

प्रश्न : नक्कल फारच हळू होते. सर्व्हर जुना असल्यामुळे का?

क्वचितच. आधी वाट तपासावी. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींपलीकडे वायफायचा जोर फार घटतो आणि कोकणातील जुन्या घरांत थाटलेल्या कार्यालयांत सर्व्हर एका खोलीत व टेबल तिसऱ्या खोलीत असते. सर्व्हर आणि हिशेबाचा संगणक या दोहोंना तरी केबल ओढावी. हिशेबाच्या ज्या प्रणाली आपली माहिती थेट शेअरवरील फाइलमध्ये लिहितात, त्यांची माहिती वायफाय मध्येच तुटल्यास बिघडू शकते, म्हणूनही केबल हवी.

केबल असूनही वेग कमी असेल तर लिनक्सवर ‘ईथटूल’ चालवून जोडणीचा वेग पाहावा. तेथे १००० ऐवजी १०० दिसला तर दोष बहुधा केबलच्या टोकाशी असतो. गिगाबिट वेगासाठी केबलमधील चारही जोड्या लागतात, तर १०० साठी दोनच पुरतात. त्यामुळे एखाद्या तारेचा संपर्क गेला तरी जोडणी तुटत नाही, केवळ मंदावते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्रालगतच्या एका कार्यालयात आम्ही सांबाच्या मांडणीत एक पूर्ण दुपार घालवल्यावर स्विचमधील पिनांवर खाऱ्या हवेने आलेला हिरवट थर दिसला. नवी टोके बसवताच चार जीबीची नक्कल सहा मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आली. तेव्हापासून आम्ही किनाऱ्यालगतच्या ठिकाणी ही तपासणी सर्वांत आधी करतो आणि स्विचची रिकामी भोके प्लास्टिकच्या बुचाने बंद ठेवतो.

हजारो लहान फायली एका मोठ्या फाइलपेक्षा हळूच जातात. त्यांची झिप करून पाठवावी.

प्रश्न : मालक मुंबईत असतात. त्यांना तेथून हे फोल्डर उघडता येईल का?

येईल, पण राउटरवर ४४५ हा पोर्ट इंटरनेटसाठी उघडून नव्हे. तो पोर्ट शोधत फिरणारे कार्यक्रम अहोरात्र चालू असतात. सांबामध्येही मे २०१७ मध्ये ३.५.० पासूनच्या आवृत्त्यांना लागू असलेला एक गंभीर दोष उघड झाला होता, त्यामुळे लिनक्स आहे म्हणून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त खाजगी वाट, उभारून त्यातूनच शेअर उघडावा. अनेक इंटरनेट पुरवठादार ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. तसे असेल तर पुरवठादाराकडे स्थिर पत्ता मागावा किंवा बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरमार्फत व्हीपीएन न्यावे.

प्रश्न : फायली सर्व्हरवर आहेत, म्हणजे त्या सुरक्षित आहेत ना?

नाहीत. विंडोजला जोडलेल्या ड्राइव्हवर वापरकर्ता जे करू शकतो, ते त्या विंडोजमध्ये शिरलेला खंडणीखोर विषाणूही करू शकतो. म्हणून एक प्रत अशा डिस्कवर घ्यावी जी शेअर केलेली नाही आणि काम झाल्यावर काढून ठेवली जाते. दुसरी प्रत त्या इमारतीबाहेर, शक्य तर त्या गावाबाहेर असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक घरांची छपरे उडाली होती. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी दोन्ही भिजतात. मे महिना संपण्यापूर्वी प्रतीतील काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

प्रश्न : एवढे करूनही अडचण सुटली नाही. मदत मागताना काय सांगावे?

दोन्ही संगणकांवरील प्रणालीची नेमकी आवृत्ती, सांबाची आवृत्ती, त्रुटीचा पूर्ण मजकूर व क्रमांक, आयपी पत्त्याने थेट उघडले असता काय होते आणि सर्व्हरवरून स्वतःलाच जोडले असता काय होते, एवढे तरी द्यावे. सोबत ‘टेस्टपार्म’ने दाखवलेली मांडणी आणि ‘व्हार’ फोल्डरखालील सांबाच्या नोंदींतील त्या वेळेच्या ओळी जोडाव्यात. नोंदी अपुऱ्या वाटल्यास ‘लॉग लेव्हल’ ३ करून अडचण एकदा पुन्हा घडवावी आणि लगेच तो पूर्ववत करावा, कारण त्या पातळीवर नोंदींची फाइल झपाट्याने वाढते. अडचण अमुक दिवसापासून सुरू झाली, त्याच्या आधी काय बदलले होते, राउटर, केबल, विंडोजचे अद्ययावतीकरण की नुसतीच वीज गेली होती, हेही लिहावे.